चंद्राआधी आलेले मोदक

माझ्या नावावरून आमच्या घरात बरेच विनोद होतात. नाव हिम्मतराव, आणि पाल दिसली की खुर्चीवर चढणारा मी. जन्मभर इथे हैदराबादच्या दिवाणी कोर्टात वकिली केली, समोरच्याला घाम फोडला, पण दवाखान्याचा नुसता वास आला तरी मलाच दरदरून घाम फुटतो. तारामती, म्हणजे माझी बायको, म्हणते, "यांची सगळी हिम्मत काळ्या कोटात शिवलेली होती. कोट उतरला, संपलं." हे ती चारचौघांत म्हणते आणि लोक हसतात. मला राग येतो, पण ते खोटं नाही.

तारामती संकष्टी करते. तशा अंबरपेठेतल्या निम्म्या मराठी बायका करतात, पण हिची निराळी. आमचा सौरभ तीन वर्षांचा होता तेव्हा त्याच्या डोक्यात ताप गेला. संकष्टीचाच दिवस होता. दिवेलागणीला डॉक्टरांनी हात टेकले आणि ही दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या गणपतीला बोलली, "हा वाचला तर दर संकष्टीला दिवे लागल्यापासून चंद्र डोळ्यांनी दिसेपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घेणार नाही." चंद्र उगवला आणि ताप उतरला. मी म्हणतो, औषधाने उतरला. ती म्हणते, "औषध तर चार दिवस चालूच होतं."

या वादाला आता तीसच्या वर वर्षं झाली. सौरभ पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, त्याच्या डोक्यावरचे केसही विरळ झालेत. हिने मात्र एक संकष्टी चुकवलेली नाही. दिवसभर दूध, केळं, वरी चालते. दिवा लागला की बंद. मध्ये मधुमेह जडला, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई आली. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, आता उपास सोडा." हिने मान डोलावली. तिचं मान डोलावणं म्हणजे साफ नकार, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

सुई जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. संकष्टीला त्याचीही एक पद्धत बसून गेली होती. तिची बोटं वळेनाशी झाल्यापासून उकडीचे मोदक काचीगुड्याहून येतात. चारुलता म्हणून एक मुलगी घरगुती स्वयंपाकघर चालवते. तारामती तिला फोनवर वेळ सांगायची आणि चंद्र उगवायच्या बरोबर अर्धा तास आधी दारावरची बेल वाजायची. बेल वाजली की ही सुई टोचून घ्यायची. मग नैवेद्य, आरती, गच्चीवर जाऊन चंद्राला अर्घ्य. खाली येऊन जेवण. तिचा घड्याळापेक्षा त्या बेलवर जास्त भरवसा होता.

आता त्या वेळेचं. आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर महाराष्ट्रातून येतं आणि त्यात चंद्रोदय छापलेला असतो मुंबईचा. हैदराबाद पडलं पूर्वेला, त्यामुळे आमचा चंद्र पंचवीसेक मिनिटं आधी येतो. इथल्या जुन्या मराठी घरांत ही वजाबाकी मुलांना पाढ्यांबरोबरच शिकवतात. माझे आजोबा निजामाच्या अमलात मुन्सफ होते, त्यांच्यापासून आम्ही मुंबईच्या चंद्रातून पंचवीस मिनिटं कापत आलोय. जावयाचं नाव विसरेल, पण ही पंचवीस मिनिटं विसरणारं माणूस आमच्यात सापडायचं नाही.

या खेपेला अंगारकी होती. चारुलताने ऑर्डरी मोबाइलच्या अ‍ॅपवर घ्यायला सुरुवात केली होती, आणि ते आम्हा दोघांनाही जमेना. मी सौरभला फोन करून वेळ सांगितली. त्याने पुण्यातून ऑर्डर टाकली आणि मेसेज पाठवला. मी न वाचताच अंगठा पाठवून दिला.

संध्याकाळी तारामती देवघरात अथर्वशीर्षाची आवर्तनं करत बसली. एकवीस आवर्तनं करताना तिला घरात चोर शिरला तरी कळत नाही, कान फक्त त्या बेलकडे असतो. मी टीव्हीवरच्या चर्चेतल्या लोकांशी भांडत होतो. तेवढ्यात बेल वाजली. दारात हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला.

"साब, पार्सल."

"क्या भाई, आज इत्ती जल्दी?" मी म्हटलं. जल्दी वाटलं होतं, हे मला पक्कं आठवतं. वाटूनही मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

"हौ साब, रोडाँ खाली थे. लेट आए तो बी बाताँ सुनना, जल्दी आए तो बी बाताँ सुनना."

मी हसलो, पिशवी टेबलावर ठेवली आणि पुन्हा टीव्हीपुढे बसलो. आत फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला, मग लागल्याचा. सुई फ्रिजमधून निघते. एवढं सगळं माझ्या कानांवर पडत होतं आणि मी कुणातरी प्रवक्त्याला मूर्ख ठरवत होतो.

नैवेद्य झाला, आरती झाली. टाळ्या वाजवायला तिने मला उठवलं. मग ताम्हण आणि पळी घेऊन ती जिना चढून गेली आणि थोड्या वेळाने खाली आली. तिचा चेहरा गोंधळलेला होता.

"अहो, पूर्वेला अजून काहीच उजेड नाही. वाजले किती?"

आठ वाजले होते. आमचा चंद्र येणार होता नऊच्या सुमाराला.

"तू सुई घेतलीस?"

"बेल वाजली तेव्हाच घेतली," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिलाही उमगलं. ती खुर्चीवर बसली.

मी चारुलताला फोन लावला. आवाज चढवूनच लावला. ती घाबरून म्हणाली, "काका, सौरभदादांची ऑर्डर पुण्याच्या नंबरवरून आली ना. मी म्हटलं, पुण्याचे लोक कॅलेंडरातलं सरळ उचलतात, त्यांना आपलं काय माहीत! म्हणून मीच पंचवीस मिनिटं कमी केली. चुकलं का हो काय?"

मी सौरभचा न वाचलेला मेसेज उघडला. "बाबा, डन. तुम्ही दिलेल्या टाइममधून आपली पंचवीस मिनिटं मायनस केलीत. डोन्ट वरी." आणि त्याला ती वेळ देण्याआधी मी स्वतः पंचवीस मिनिटं कापलेली होतीच. तीन माणसांनी काळजीपोटी तीनदा वजाबाकी केली होती. यातला एक जरी निष्काळजी निघता तरी बरं झालं असतं.

"चल, ताट घेतो," मी म्हटलं. "जेवून घे."

"चंद्र कुठाय?"

"तारा, सुई पोटात गेलीय. तासभर उपाशी राहिलीस तर काय होईल ते तुला डॉक्टरांनी सांगितलंय. मला पण सांगितलंय."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"मग बसायचं तासभर. तुम्ही उगीच घाबरवू नका."

मी वकील माणूस. मी मुद्दे मांडायला लागलो. चूक तिची नाही, सुई अजाणता घेतली गेली, देव काही आंधळा नाही, आजाऱ्याला शास्त्रात सूट आहे. ती ऐकत होती आणि ओठांवरचा घाम पदराने टिपत होती. पंखा चालू होता. मार्चचा महिना, घाम येण्यासारखं काही नव्हतं.

"झालं तुमचं कोर्ट?" ती म्हणाली. "हे माझं व्रत नाही हो. हे सौरभचं आहे. त्याच्या जिवाच्या बदल्यात मी शब्द दिलाय. आज मोडला आणि त्याला तिकडे काही झालं, तर तुमचे मुद्दे मला काय कामाचे?"

"आणि तुला काही झालं तर?"

"मी गेले तर गेले. तो नको."

ती हे रडून म्हणाली असती तर मी समजूत काढली असती. ती शांतपणे म्हणाली. मला त्या क्षणी खरी भीती वाटली. तीसच्या वर वर्षं मी या बाईच्या उपासाची टिंगल केली होती, आणि ती खरोखरच मरायला तयार होती हे मला आज कळत होतं.

तिचं बोट टोचून मशिनवर साखर पाहिली. अठ्ठावन्न. सत्तरच्या खाली गेली की धोका. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "काका, वाट बघू नका. आत्ताच्या आत्ता साखरेचं पाणी द्या, मग जेवण. आणि हे ऐका, शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही. घशात अडकेल. मग सरळ इकडे घेऊन यायचं."

म्हणजे ती शुद्धीवर आहे तोवरच काय ते. मी वाटीत साखर कालवली, चमचा तिच्या ओठांपाशी नेला. तिने दात घट्ट मिटून मान फिरवली. मी चमचा दामटला असता तर साखर पातळावर सांडली असती, दुसरं काय झालं असतं?

मला सुचलं, सौरभला लावू. ज्याच्यासाठी चाललंय त्यानेच सांगितलं, आई, खा, तर ऐकेल. फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. तो या वेळी ऑफिसमधून स्कूटरवर घरी येत असतो, खिशातला फोन त्याला ऐकू येत नाही. हे मला माहीत होतं. तरी तारामतीने माझ्याकडे असं पाहिलं की मी तिसऱ्यांदा लावला.

"उचलत नाही ना?" ती म्हणाली.

"गाडीवर असेल."

"मला वर न्या," ती म्हणाली. "मी चंद्राची वाट वर बघते."

वर नेणं वेडेपणा होता, पण तिला खाली धरून ठेवणं मला जमलं नसतं. एका हातात तिचा दंड, दुसऱ्यात साखरेच्या पाण्याची वाटी. ताम्हण तिने स्वतः धरलं होतं, त्यातली पळी प्रत्येक पायरीला वाजत होती. तिचा दंड गार आणि ओला लागत होता. मधल्या वळणावर ती थांबली आणि मला म्हणाली, "दादा, आईला सांगू नकोस हं."

दादा म्हणजे तिचा भाऊ. तो जाऊन बरीच वर्षं झाली.

मी तिला जवळजवळ उचलूनच वर नेलं आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. समोर पूर्वेला काळोख. तिथे पूर्वी कौलारू घरं होती, आता पाच मजली अपार्टमेंट झालंय आणि चंद्र त्याच्या मागून वर यायला आणखी वेळ लावतो. त्या अपार्टमेंटच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशी एक गोल पिवळा दिवा आहे. मागच्या संकष्टीला तो पाहून मीच हात जोडले होते. तारामती पोट धरून हसली होती. "अहो, चष्मा पुसा! तो टाकीचा दिवा आहे!" आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तिने ते सांगितलं होतं.

तिचं डोकं एका बाजूला कलंडलं. मी हाक मारली. तिने डोळे उघडले, पण ओळख उशिरा पटली. आता काही मिनिटांचं काम होतं. नंतर डॉक्टर म्हणाले तसं तोंडात काही घालता येणार नव्हतं, आणि अ‍ॅम्ब्युलन्स या गल्लीत शिरेपर्यंत काय होईल ते मला कल्पनेतही बघवत नव्हतं.

"तारा," मी म्हटलं, "उगवला. तो बघ."

माझं बोट टाकीच्या दिव्याकडे होतं.

आयुष्यात साक्षीदारांना शपथेवर खोटं बोलताना मी पुष्कळ पाहिलंय. खोटं बोलणारा डोळे मिचकावतो किंवा गरजेपेक्षा जास्त बोलतो. मी दोन्ही केलं. "बघ ना, कसा पिवळाधमक आहे, अंगारकीचा आहे, म्हणून लवकर आला," असं काहीबाही मी बरळत होतो.

तिने दिव्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे वाहत होते, ते मला तेव्हा कळलं.

तिने हात जोडले. मी पळीभर पाणी तिच्या ओंजळीत घातलं, तिने ते ताम्हणात सोडलं. अर्धं पदरावर सांडलं. मग तिने तोंड उघडलं, लहान मूल उघडतं तसं, आणि मी साखरेचं पाणी चमच्या-चमच्याने पाजलं. वाटी संपली. दहा-पंधरा मिनिटांत तिचा दंड कोरडा व्हायला लागला. "हिम्मतराव म्हणे!" ती पुटपुटली. नावाने ती मला फक्त चिडवायला हाक मारते. तो शब्द ऐकून मी रिकामी वाटी खाली ठेवली.

खाली आणून तिला मोदक दिले, वरणभात दिला. मोदक गार झाले होते. तिने दोन खाल्ले, वर साजूक तूप मागितलं. पुन्हा बोट टोचलं, साखर वर आली होती. डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, "झोपू द्या, तासाने परत बघा." तिला पलंगावर निजवून दिवा मालवला.

आता मला जेवायला हरकत नव्हती. ताट वाढून घेतलं, आणि घास हातात धरून बसून राहिलो. सौरभचा फोन अजून आला नव्हता.

मी लावला. वाजत राहिला. एव्हाना तो घरी पोचायला हवा होता. पुण्यातले रस्ते, ते ट्रक, ते पूल सगळं डोळ्यांपुढे यायला लागलं. स्वतःला सांगितलं, हिम्मतराव, तू शिकलेला माणूस आहेस, ताप औषधाने उतरला होता, नवसाने नाही. मीच हे तिला तीसच्या वर वर्षं सांगत आलो होतो, आणि आज तेच मला पटेना. शब्द तिने दिला होता आणि मोडला होता मी. खोटा चंद्र मी दाखवला होता. वसुली व्हायची असेल तर ती कुणाकडून होईल? पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला.

घास ताटात ठेवला. ताम्हण उचललं, तांब्या घेतला आणि चपला न घालता गच्चीवर गेलो.

खरा चंद्र अपार्टमेंटच्या कडेने नुकता वर येत होता. टाकीच्या दिव्याहून मोठा, तांबूस, आणि एका बाजूने थोडा झिजलेला. या दोघांत कुणाचीही फसगत होणार नाही, हे मला तेव्हा स्वच्छ दिसलं. मला अर्घ्याचा मंत्र येत नाही. मी नुसतं पाणी सोडत राहिलो आणि म्हणत राहिलो, "तिची काही चूक नाही. माझी आहे. जे काय असेल ते माझ्याकडून घे. पोराला काही करू नकोस." एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, पाणी संपलं तरी म्हणत राहिलो. कुणी पाहिलं असतं तर म्हातारा खुळावला म्हणालं असतं.

खाली आलो. पाय ओले होते म्हणून भिंतीला धरून चालत होतो. खोलीत अंधार होता. वाटलं, ती झोपलीय.

"उगवला का हो?" तिने विचारलं.

मी दारातच उभा राहिलो. ताम्हण हातात तसंच होतं.

"उगवला," मी म्हटलं.

"अर्घ्य दिलंत?"

"दिलं."

अंधारात तिचा हात गादीवर चाचपडत होता, तो माझ्यासाठी आहे हे कळायला मला वेळ लागला. मी जवळ बसलो आणि तो धरला. आता कोरडा होता, पण घट्ट होता. तीही घाबरली होती. मला न दाखवता घाबरली होती, माझ्याआधीपासून, त्या दिव्याकडे बघून हात जोडले तेव्हापासून.

"सौरभला पुन्हा लावा," ती म्हणाली.

मी लावला आणि स्पीकरवर टाकला. वाजायला लागला. तिने माझी बोटं इतकी आवळली की दुखायला लागली. सोड म्हणायची माझी हिम्मत झाली नाही. वाजत राहिला, वाजत राहिला, आणि मग पलीकडून भांड्यांचा, टीव्हीचा आवाज आणि त्यातून आमच्या पोराचा त्रासलेला स्वर आला.

"काय हो बाबा, इतके मिस्ड कॉल? ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, नंतर फोन बॅगेतच राहिला. सगळं ओके ना? मोदक टाइमवर पोचले ना?"

तारामतीने फोन माझ्या हातातून घेतला.

"पोचले रे," ती म्हणाली. "अगदी वेळेवर."